विश्लेषण : इतरांनी नाकारलेल्यांना काम देणारे हेन्री फोर्ड ‘समावेशक’ उद्योगपती होते का?

अमेरिकेतील फोर्ड मोटर कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना एक पत्र पाठवले. एलजीबीटीक्यू व्यक्तींच्या हक्कांसाठी काम करणारी ह्यूमन राइट्स कॅम्पेन ही संस्था दरवर्षी कंपन्यांना समानतेबाबत गुण देते. त्या पाहणीत यापुढे भाग घेणार नाही, असे कंपनीने या पत्रातून कळवले. त्यानंतरच्या काही महिन्यांत वॉलमार्ट, मॅकडोनाल्ड्स, मेटा अशा बड्या कंपन्यांनीही विविधता आणि समावेशकतेच्या धोरणांना कात्री लावली. मोठा गाजावाजा करून दिलेली आश्वासने इतक्या सहज कशी मागे घेतली जातात, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. त्याचे उत्तर शोधायला याच कंपनीच्या संस्थापकाचे आयुष्य उपयोगी पडते. ‘विविधता’ हा शब्द कुठल्याही कंपनीच्या अहवालात नव्हता, त्या काळात हेन्री फोर्ड यांनी दिव्यांग, स्थलांतरित, कृष्णवर्णीय आणि तुरुंगातून सुटून आलेल्यांना हजारोंनी कामावर घेतले होते.

शेतकऱ्याचा मुलगा कारखानदार कसा झाला?

हेन्री फोर्ड यांचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी मिशिगन राज्यात, डिअरबॉर्नजवळच्या एका शेतावर झाला. वडील विल्यम हे दुष्काळात आयर्लंड सोडून आलेल्या कुटुंबातले. म्हणजे फोर्ड स्वतः स्थलांतरिताचे चिरंजीव. बारा वर्षांचे असताना आई गेली. शेतीत मन रमेना, म्हणून सोळाव्या वर्षी ते डेट्रॉईटला गेले आणि यंत्रशाळेत उमेदवारी करू लागले. पुढे एडिसन यांच्या नावाने चालणाऱ्या वीज कंपनीत अभियंता झाले. तिथे नोकरीत असतानाच १८९६ मध्ये त्यांनी आपली पहिली चारचाकी गाडी बनवली. दोन कंपन्यांत हात पोळल्यावर १९०३ मध्ये फोर्ड मोटर कंपनी उभी राहिली आणि १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ आली. पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे.

कमी माहीत असलेली गोष्ट १९१३ मधली. त्या वर्षी हायलंड पार्क येथील कारखान्यात फिरती असेंब्ली लाइन सुरू झाली. गाडीचा सांगाडा जुळवायला आधी साडेबारा तास लागत, ते काम दीड तासावर आले. पण दिवसभर एकच बोल्ट आवळत उभे राहणे माणसांना असह्य होत होते. कामगार टिकेनात. सुमारे १४ हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षभरात ५२ हजारांहून अधिक माणसे भरती करावी लागली.

पाच डॉलर रोजाची अट काय होती?

५ जानेवारी १९१४ रोजी फोर्ड यांनी जाहीर केले, की कामाचे तास नऊवरून आठ आणि रोज पाच डॉलर. तोवर रोज सुमारे २ डॉलर ३४ सेंट होता. आठवडाभरात कारखान्याच्या फाटकावर हजारोंची गर्दी उसळली. ती पांगवायला कडाक्याच्या थंडीत पाण्याचे फवारे मारावे लागले.

या पाच डॉलरमध्ये मेख होती. सुमारे निम्मी रक्कम मजुरी आणि उरलेली नफ्यातला वाटा. हा वाटा मिळण्यासाठी कामगाराचे घर, संसार, बचत आणि सवयी कंपनीला पसंत पडायला हव्यात. त्यासाठी समाजशास्त्र विभाग नावाचे एक खाते निघाले. त्याचे चौकशी अधिकारी घरोघर जात. दारू किती पिता, पैसे कुठे ठेवता, घरात भाडेकरू किती, नवरा-बायकोचे पटते का, सारे वहीत उतरवले जाई. स्त्रियांना आधी हा वाटा नव्हताच, तो १९१६ मध्ये मिळाला. ज्या बाईचा नवरा कमावता आहे तिने नोकरी करू नये, असेही फोर्ड यांचे मत होते.

तेव्हा कारखान्यातील दहापैकी सात कामगार परदेशात जन्मलेले होते. त्यांच्यासाठी कंपनीने इंग्रजीची शाळा काढली. कामगारांना भाषा येऊ लागली, अपघात टाळण्याच्या सूचना कळू लागल्या, हा फायदा खराच. पण शाळेच्या पदवीदान समारंभात रंगमंचावर एक भलीमोठी कढई ठेवलेली असे. आपापल्या देशाच्या वेशातले कामगार एका बाजूने तिच्यात उतरत आणि दुसऱ्या बाजूने अमेरिकी सूट घालून, हातात झेंडा घेऊन बाहेर येत. तुम्ही इथे चालाल, पण आमच्यासारखे होऊन, हे यापेक्षा उघडपणे क्वचितच कुणी सांगितले असेल. पाच डॉलरची घोषणा ताजी असतानाच सुमारे ९०० ग्रीक आणि रशियन कामगारांना काढून टाकण्यात आले. त्यांचा गुन्हा इतकाच, की ते ऑर्थोडॉक्स पंचांगाप्रमाणे येणाऱ्या नाताळाला घरी राहिले. अमेरिकेचा नाताळ तेरा दिवस आधीच होऊन गेला होता.

दिव्यांगांबाबत फोर्ड यांनी वेगळे काय केले?

फोर्ड यांचे सर्वांत भक्कम काम इथे आहे आणि त्याची पद्धत आजही समजून घेण्यासारखी आहे. दिव्यांगांना कामावर घ्यायचे म्हटले की ‘याला काय जमेल?’ असा प्रश्न विचारला जातो. फोर्ड यांच्या कारखान्यात तो उलटा विचारला गेला : या कामाला नेमके काय लागते?

कारखान्यातल्या प्रत्येक कामाची तपासणी झाली. त्यातून ७,८८२ वेगवेगळी कामे निघाली. त्यांतल्या ९४९ कामांनाच धडधाकट, बलदंड माणूस लागत होता. ३,३३८ कामे साधारण अंगकाठीच्या माणसाला जमणारी होती आणि उरलेल्या ३,५९५ कामांना अंगमेहनत अशी लागतच नव्हती. मग आणखी बारकाईने पाहिले गेले. दोन्ही पाय नसलेल्यांना जमतील अशी ६७०, एक पाय असलेल्यांसाठी २,६३७, एक हात असलेल्यांसाठी ७१५, दृष्टिहीनांसाठी १० आणि दोन्ही हात नसलेल्यांसाठी २ कामे सापडली. म्हणजे निम्म्याहून अधिक कामांना पूर्ण क्षमतेच्या शरीराची गरज नव्हती. हे आकडे फोर्ड यांनी १९२२ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात दिले आहेत. त्या पाहणीच्या वेळी शारीरिकदृष्ट्या ‘कमी’ समजले जाणारे ९,५६३ जण कारखान्यात होते. त्यांत एक पाय नसलेले २३४, एका डोळ्याने अंध २०७, अपस्माराचे ६० रुग्ण, मूकबधिर ३७ आणि पूर्ण दृष्टिहीन चार जण होते.

याच पुस्तकातला एक प्रसंग असा : एका दृष्टिहीन कामगाराला भांडारात नट-बोल्ट मोजायला बसवले. त्याच कामावर आधीपासून दोन डोळस माणसे होती. दोनच दिवसांत मुकादमाने त्या दोघांची बदली मागितली, कारण तिघांचे काम तो एकटा उरकत होता. इस्पितळात पडून असलेल्या कामगारांनाही बोल्टवर नट चढवण्याचे काम अंथरुणावरच देऊन पाहिले गेले.

या सर्वांना इतरांइतकीच मजुरी मिळे. फोर्ड याला दानधर्म म्हणू देत नसत. काम पूर्ण, तर दाम पूर्ण, असा त्यांचा साधा हिशोब होता. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारला दिव्यांगांसाठी योग्य पदे निश्चित करावी लागतात आणि खासगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते. पद आधी तपासायचे, माणूस नंतर, ही त्यामागची कल्पना फोर्ड यांच्या त्या तपासणीशी जुळणारी आहे.

कृष्णवर्णीय कामगारांना बरोबरीची वागणूक मिळाली का?

मजुरीत मिळाली, बाकीच्या गोष्टींत नाही. विल्यम पेरी नावाच्या कृष्णवर्णीय माणसासोबत तरुणपणी फोर्ड यांनी शेतावर लाकडे कापली होती. करवतीच्या एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला तो. १९१४ मध्ये फोर्ड यांनी पेरी यांना कारखान्यात घेतले. दक्षिणेतून कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडे येऊ लागली, तेव्हा डेट्रॉईटचे बहुतेक वाहन कारखाने त्यांना दारात उभे करत नव्हते किंवा झाडू हातात देत होते. फोर्डकडे मात्र १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे १० हजार कृष्णवर्णीय कामगार होते. काही जण कुशल कारागीर आणि मुकादमही झाले. या पगारावर डेट्रॉईटमध्ये घरे, दुकाने आणि चर्च उभी राहिली.

पण यातले बहुतेक जण रूज नदीकाठच्या नव्या, अवाढव्य कारखान्याच्या ओतशाळेत होते. वितळलेले लोखंड, धूर आणि भाजण्याची भीती असलेल्या या जागी गोरे कामगार टिकत नसत. नोकरी हवी तर ठरावीक धर्मोपदेशकांची शिफारस आणावी लागे. ज्या चर्चमध्ये संघटनेची भाषा होई, तिथल्यांना दार बंद. कारखाना डिअरबॉर्नमध्ये असला तरी त्या गावात कृष्णवर्णीयांना राहायला जागा मिळत नव्हती. ते कामापुरते येत आणि संध्याकाळी डेट्रॉईट किंवा इंकस्टरला परतत.

आणि ज्यू?

फोर्ड यांच्या चरित्रातले हे सर्वांत काळे पान. त्यांनी विकत घेतलेल्या ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ या साप्ताहिकाने मे १९२० पासून ज्यूंविरुद्ध लेखमाला चालवली. तिला आधार एका बनावट दस्तऐवजाचा होता. हा अंक फोर्डच्या गाडी विक्रेत्यांमार्फत गावोगाव पोहोचवला जाई. हायलंड पार्क आणि रूज हे दोन्ही कारखाने ज्यांनी रेखाटले ते वास्तुविशारद अल्बर्ट कान हे एका ज्यू धर्मगुरूचे पुत्र होते. हे फोर्ड यांना माहीत होते आणि त्यांना त्याची अडचणही नव्हती. त्यांचे स्नेही रब्बी लिओ फ्रँकलिन यांना ते दरवर्षी नवी गाडी भेट देत. १९२० मध्ये फ्रँकलिन यांनी ती परत पाठवली. भेट का परत आली, हे फोर्ड यांना खरोखरच उमगले नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

बदनामीचा खटला अंगाशी आल्यावर १९२७ मध्ये त्यांनी माफी मागितली आणि साप्ताहिक बंद केले. तरीही १९३८ मध्ये पंचाहत्तराव्या वाढदिवशी हिटलरच्या सरकारने दिलेला सन्मान त्यांनी स्वीकारला, परत केला नाही.

मालकाची मर्जी फिरली तेव्हा काय झाले?

समाजशास्त्र विभाग १९२१ मध्ये गुंडाळला गेला. त्याच्या जागी हळूहळू हॅरी बेनेट यांचे सुरक्षा खाते बळावले. सुटून आलेल्या कैद्यांना काम देण्याचे फोर्ड यांचे धोरण होते. बेनेट यांनी त्यांतल्या अनेकांना धाकदपटशासाठी हाताशी धरले. ७ मार्च १९३२ रोजी मंदीत बेकार झालेल्यांचा मोर्चा रूज कारखान्यावर गेला. कृष्णवर्णीयांशी भेदभाव नको, ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. गोळीबारात चार जण ठार झाले. पाचवे जखमी कर्टिस विल्यम्स हे कृष्णवर्णीय होते. काही महिन्यांनी त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा चौघांना जिथे पुरले त्या दफनभूमीने त्यांना जागा नाकारली.

१ एप्रिल १९४१ रोजी फोर्डमध्ये मोठा संप झाला, तेव्हा हजाराहून अधिक कृष्णवर्णीय कामगार कारखान्यातच थांबले. त्यांना संपफोडे म्हणणे सोपे आहे. पण दुसऱ्या कुणीच काम दिले नव्हते तेव्हा ज्याने दिले, त्याच्याविरुद्ध त्यांनी कुणाच्या भरवशावर जायचे? कामगार संघटनांचा त्यांना आलेला अनुभवही फारसा चांगला नव्हता. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वॉल्टर व्हाइट फाटकावर आले आणि ध्वनिक्षेपकावरून त्यांना बाहेर येण्याची विनंती करू लागले. मे महिन्यात मतदान झाले, संघटना जिंकली आणि जूनमध्ये करारावर सह्या झाल्या. नोकरीवर ठेवायचे की काढायचे, हे एकट्या मुकादमाच्या किंवा शिफारस करणाऱ्या धर्मोपदेशकाच्या हातात राहिले नाही. कामगाराला तक्रार मांडण्याची लेखी वाट मिळाली.

दोन वर्षांनी फोर्ड यांचा एकुलता एक मुलगा एडसेल वारला. थकलेल्या हेन्री यांनी पुन्हा सूत्रे घेतली, पण १९४५ मध्ये ती नातू हेन्री फोर्ड दुसरे यांच्याकडे द्यावी लागली. नातवाने पहिल्याच झटक्यात बेनेट यांना घरी पाठवले. ७ एप्रिल १९४७ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, हेन्री फोर्ड यांचे डिअरबॉर्नच्या घरी निधन झाले. रूज नदीला पूर आल्याने घराची वीज गेली होती आणि खोलीत मेणबत्त्या लावल्या होत्या.