देहूची जिजाई



वरळी कोळीवाड्याच्या आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळींनी आम्हाला चार शब्द लिहायला सांगितलं. आम्ही घाटावरचे शेतकरी, शिक्षण चौथी. कीर्तनात बोलायला कधी अडलो नाही, पण कागदावर लिहायचं म्हणजे खडकात नांगर धरल्यागत होतं. कानामात्रा चुकली तर पदरात घ्या. तुकोबारायांवर लिहिणारे थोर लोक पुष्कळ झाले. आम्ही त्यांच्या घरधनिणीवर लिहितो. तिचं एक देणं आमच्याकडं राहिलंय, ते पुढं सांगतो.

जिजाई मूळची पुण्याची. बाप आप्पाजी गुळवे, सावकार माणूस. तिलाच आवली म्हणतात. तुकोबांची पहिली बायको रखमाई, तिला दम्याचा आजार. म्हणून बोल्होबा आणि कनकाई या आईबापांनी मुलाचं दुसरं लग्न केलं आणि जिजाई देहूला आली. त्या वेळी मोऱ्यांचं घर भरलेलं होतं. महाजनकी होती, दुकान होतं, सावकारी होती, जमीन होती, दारात गुरं होती, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या विठोबा होता. सावकाराची लेक भरल्या घरातून भरल्या घरात आली. पुढं काय वाढून ठेवलंय ते कुणाला ठाऊक?

थोड्याच वर्षांत घर फिरलं. सासू-सासरे गेले. थोरल्या सावजींची बायको गेली, आणि सावजी विरक्त होऊन तीर्थांना निघून गेले. सगळा भार तुकोबांवर आला. त्यातच 1630 च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ पडला. पाऊस नाही, दाणा नाही, चारा नाही. गुरं दावणीला मेली, धंदा बुडाला, दिवाळं निघालं. रखमाई अन्न अन्न करत गेली, मागोमाग तिचा संतू गेला. तुकोबांचं वय तेव्हा विशी-बाविशीचं. आमच्याकडं 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही लहान होतो. खडी फोडायला गेलेल्या बायाबापड्या आम्ही बघितल्यात, म्हणून दुष्काळ काय असतो ते सांगावं लागत नाही. पण बहात्तरला सरकारने काम तरी दिलं. जिजाईला कोण देणार होतं? सवतीचं मरण, सवतीच्या लेकराचं मरण तिनं डोळ्यांनी बघितलं आणि त्याच चुलीपुढं परत बसली. पुण्याची वाट काही लांब नव्हती. बाप सावकार होता. पण ती माहेरी जाऊन राहिली नाही.

तिनं घर पुन्हा उभं करायचा यत्न केला. चरित्रकार सांगतात, धन्याला व्यापार करता यावा म्हणून तिनं आपल्या नावावर खत लिहून देऊन दोनशे रुपये कर्ज काढलं. तुकोबा माल घेऊन गेले, विकला, नफाही झाला. परत येताना वाटेत एक माणूस कर्जापायी गांजलेला दिसला, तेव्हा सगळी रक्कम त्याला देऊन टाकली. त्या माणसाची बेडी सुटली. पण खतावर नाव जिजाईचं होतं. देणेकरी कुणाच्या दारात आले असतील, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

पुढं तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. कान्होबाची वाटणी कान्होबाला दिली आणि स्वतःच्या वाटणीची सगळी खतं पाण्यात सोडली. किती कुळं मोकळी झाली! एवढं मोठं काम या महाराष्ट्रात कुणी केलं नाही, आम्ही कीर्तनात हे सांगताना अजून गहिवरतो. पण त्या रात्री देहूच्या घरात उद्याच्या पिठाची काळजी एकटी जिजाई करत होती.

मग तुकोबा भामचंद्राच्या, भंडाऱ्याच्या डोंगरावर बसू लागले. जिजाईनं नेम धरला, धनी जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. भाकरी बांधायची, उन्हातान्हात डोंगर चढायचा, कपारी-कपारीत हाका मारायच्या. एक दिवस पायात काटा मोडला. ती कळवळून खाली बसली, आणि विठ्ठलाने स्वतः येऊन काटा काढला, अशी कथा आपण सगळे ऐकत आलोय. आता बघा, ती विठोबाला रोज शिव्या देणारी. काळ्यानं माझा संसार बुडवला म्हणणारी. आणि देव भेटला तो तिलाच, न बोलावता, पायाशी बसून. डोंगरावर नाम घेणाऱ्याइतकाच डोंगर चढून भाकरी नेणारीचाही हिशोब त्यानं ठेवला होता.

आता उसाची गोष्ट. तुकोबांना कुणी उसाची मोळी दिली. वाटेत पोरं भेटली, ती मागत गेली, हे देत गेले. घरी एकच ऊस पोचला. जिजाईनं रागाच्या भरात तोच पाठीत घातला, त्याचे तुकडे झाले, आणि तुकोबा हसून म्हणाले, बरं झालं, वाटणी आपोआप झाली. ही कथा आम्ही तीस वर्षं सांगितली. हातवारे करून, बाईचा आवाज काढून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. आवलीला कजाग केली की कीर्तन रंगतं, हे आम्हाला चांगलं कळलं होतं.

एका साली कोळीवाड्यात सप्ताहाला आम्ही हीच कथा लावली. कीर्तन संपलं, लोक पाया पडायला आले. त्यात एक म्हातारी कोळीण होती. ती पाया पडली आणि हळूच विचारती झाली, की महाराज, त्या रात्री आवलीच्या पोरांनी खाल्लं काय? आम्हाला उत्तर आलं नाही. इतक्या वर्षांत तो प्रश्न आमच्या मनात आला नव्हता. तिच्या का आला, ते आम्हाला नंतर उमगलं. इथं पुरुष दर्यावर जातो. होडी किनाऱ्याला लागली की पाटी डोक्यावर घेते ती कोळीण. बाजार ती करते, पैसा ती मोजते, आणि जाळ्यात काही नाही आलं तरी त्या रात्री पोरांच्या ताटात काय वाढायचं हे तिलाच बघावं लागतं.

आम्ही गावी परत आलो तेव्हा पहाट होती. आमचं कुटुंब घरात नव्हतं. रात्रपाळीचं पाणी होतं, ती कांद्याला पाणी देत होती, एकटी, हातात कंदील. गुडघाभर चिखल. आम्ही गळ्यात हार घालून बांधावर उभे. त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला जिजाई दिसली. आमची कीर्तनं, आमच्या वाऱ्या तिच्या पाण्याच्या पाळ्यांवर चालल्या होत्या. तिला तसं कधी बोलून दाखवलं नाही. आता ती नाही. म्हणून हे जिजाईला सांगतोय.

जिजाईला सहा लेकरं. काशी, भागीरथी, गंगा या मुली आणि महादेव, विठोबा, नारायण हे मुलगे. मुली लग्नाच्या झाल्या तेव्हा तुकोबांनी खेळणारी मुलं धरून आणली आणि एका दिवसात तिन्ही लग्नं लावली म्हणतात. त्या लग्नाचा स्वयंपाक कुणी रांधला असेल, ते कथेत येत नाही. ती भांडत होती हे खरं. तुकोबांनी तिचं बोलणं स्वतःच्या अभंगांत मांडून ठेवलंय. आम्हाला वाटतं, ज्याला बायकोचं बोलणं ऐकूच येत नाही तो असं लिहून ठेवत नाही. तिला केलेला उपदेशही गाथ्यात आहे, अकरा अभंगांचा, त्याला पूर्णबोध म्हणतात. तिची योग्यता नसती तर तो केला असता का?

1650 साली फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा वैकुंठाला गेले. जिजाई त्या वेळी पोटुशी होती. नारायण पुढं जन्मला, त्यानं बापाचं तोंड पाहिलं नाही. घरात पैसा नाही, डोक्यावर धनी नाही, पदरात पोरं. तरी तिनं ती वाढवली. विठोबावर एवढी चिडलेली बाई, पण लेकराच्या मनात विठोबाविषयी कडूपणा भरला नाही. तो भरला असता तर काय झालं असतं? ऐका. त्याच नारायणबाबांनी 1685 साली तुकोबांच्या पादुका पालखीत घालून, आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका बरोबर घेऊन पंढरीची वाट धरली. आज ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून हलते ती हीच पालखी. तिच्यामागं आपली दिंडी शंभर वर्षं चालते आहे. तुकोबांनी अभंग दिले, आणि ते घेऊन चालणारा मुलगा जिजाईनं दिला.

1936 साली पुण्याच्या प्रभात कंपनीने तुकोबांवर बोलपट काढला. त्यात गौरी नावाच्या बाईंनी जिजाई केली. आमचे चुलते गिरणीत होते, ते सांगायचे, की पागनीसांचे तुकोबा बघून लोक हात जोडायचे, पण घरी जाताना बाया बोलायच्या त्या जिजाईबद्दल. बायांना आधीच कळलं होतं. आम्हा बुवांना उशीर लागला.

आता आम्ही उसाची कथा सांगतो, पण आवाज काढत नाही. ती म्हातारी कोळीण पुढच्या सप्ताहाला दिसली नाही, तिला उत्तर द्यायचं राहिलं. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढल्या की कोळीवाड्यातली मंडळी वारीला निघतात. मायबहिणी डोक्यावर तुळस घेऊन, पाण्याचा हंडा घेऊन पुढं चालतात. दिंडीतल्या पुरुषमंडळींना एक विनंती आहे. मुक्कामाला पंगत बसली की आधी वाढणाऱ्या बाईला विचारा, ती जेवली का. तेवढं झालं तरी जिजाईचं देणं थोडं फिटेल.

रामकृष्णहरी.