लोहव्रती लक्ष्मणराव किर्लोस्कर

मनाजोगता मार्ग खुंटला म्हणजे सामान्य मनुष्य दैवाला दोष देत बसतो. कर्तृत्ववान पुरुष नवा मार्ग शोधतो. या सत्याचे उत्तम उदाहरण म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या हौसेने ते १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु त्यांची दृष्टी काही अंशी रंगांधळी असल्याचे आढळले. रंग सुटले, रेषा मात्र हाती राहिली. ते यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास शिकले व पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले.

१८८८ साली बेळगावात त्यांनी बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान काढले. त्यातूनच पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर यांचा कारखाना निघाला. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिला नांगर विकण्यास दोन वर्षे लागली! तरी लक्ष्मणराव डगमगले नाहीत. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या अधिपतींनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन दिली. निवडुंगाने व्यापलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड दुर्मिळ झाले आणि ओतशाळा बंद पडण्याची वेळ आली. येथे बिडाचा स्वभाव ध्यानी घेतला पाहिजे. बिडात कार्बन शेकडा दोनहून अधिक असतो. त्यामुळे त्याचा रस साच्यात सहज ओतता येतो. परंतु थंड झालेले बीड ठिसूळ असते. लोहाराच्या घणाने ते सांधत नाही, उलट फुटते. आज वेल्डिंगने ते जोडतात, पण त्यासाठीही बहुधा तो भाग आधी तापवून नंतर अगदी सावकाश निववावा लागतो. नाहीतर जोडाशेजारीच नवा तडा जातो. मात्र भट्टीत वितळविले की जुने बीडही नव्याने ओतता येते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील जुन्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. संहारासाठी घडलेले लोखंड वितळून त्याचे नांगर झाले!

लोखंडाप्रमाणेच माणसांतही काही टाकाऊ नसते, असे ते मानीत. शिक्षा भोगून आलेल्यांनाही त्यांनी वाडीत आणले व पहाऱ्याचे विश्वासाचे काम दिले; तो विश्वास सार्थ ठरला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. आमच्या इंदूरशेजारी देवास येथेही पुढे किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना उभा राहिला. त्या रस्त्याने जाताना विद्यार्थ्यांनी एवढेच आठवावे, की या उद्योगाच्या मुळाशी चित्रकार होऊ न शकलेल्या एका तरुणाची चिकाटी आहे. परीक्षेतील एखाद्या अपयशाने खचणाऱ्यास यापरता दुसरा धडा कोणता?