विठ्ठल महादेव तारकुंडे

विठ्ठल महादेव तारकुंडे (जन्म : सासवड, ३ जुलै १९०९; मृत्यू : दिल्ली, २२ मार्च २००४) हे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, कायदेपंडित, मूलगामी मानवतावादी विचारवंत आणि नागरी स्वातंत्र्य चळवळीचे नेते होते. भारतातील नागरी हक्क चळवळीच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. पोलीस चकमकींत झालेल्या मृत्यूंची स्वतंत्र चौकशी व्हावी, ही मागणी साक्षीपुराव्याच्या आधारे देशापुढे मांडणाऱ्या १९७७ च्या तारकुंडे समितीचे ते अध्यक्ष होते.

सुरुवातीचे जीवन

तारकुंडे यांचा जन्म पुणे जिल्ह्यातील सासवड येथे झाला. त्यांचे वडील वकील होते आणि अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात सहभागी होते. प्राथमिक शिक्षण सासवडला झाल्यावर विठ्ठलराव पुण्यास आले. १९२५ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई प्रांतात पहिले आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर ते इंग्लंडला गेले व लंडनमध्ये बॅरिस्टर झाले. १९३२ च्या अखेरीस भारतात परतून त्यांनी पुण्यात वकिली सुरू केली.

राजकीय कार्य

तारकुंडे प्रथम काँग्रेस समाजवादी पक्षात होते. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल प्रभाव पडला. रॉय यांच्या रॅडिकल डेमॉक्रॅटिक पक्षासाठी त्यांनी चालती वकिली सोडली आणि १९४४ मध्ये ते पक्षाचे सरचिटणीस झाले. १९४८ मध्ये हा पक्ष विसर्जित करण्यात आला, तेव्हा ते पुन्हा वकिलीकडे वळले व मुंबईत व्यवसाय करू लागले. व्यक्तीचे स्वातंत्र्य हेच समाजरचनेचे मोजमाप मानणारा मूलगामी मानवतावाद मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. १९७० पासून त्यांनी ‘द रॅडिकल ह्यूमनिस्ट’ या नियतकालिकाचे संपादन केले.

न्यायाधीशपद आणि आणीबाणी

१९५७ मध्ये तारकुंडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९६९ मध्ये त्यांनी स्वेच्छेने हे पद सोडले व सर्वोच्च न्यायालयात वकिली सुरू केली. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासह त्यांनी सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी ही संस्था स्थापन केली. निवडणूक सुधारणांसाठी जयप्रकाशांनी नेमलेल्या समितीचेही ते अध्यक्ष होते.

आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या व्यक्तींच्या वतीने ज्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली, त्यांत तारकुंडे होते. एप्रिल १९७६ मध्ये न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांच्या विरोधात निकाल दिला. त्याच वर्षी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या मूळ संस्थेची स्थापना झाली व तारकुंडे तिचे अध्यक्ष झाले.

तारकुंडे समिती

आणीबाणीच्या काळात आंध्र प्रदेशात अनेक नक्षलवादी पोलिसांशी झालेल्या चकमकींत ठार झाल्याचे जाहीर करण्यात आले होते. १९७७ मध्ये आणीबाणी उठल्यावर या घटनांच्या शोधासाठी जयप्रकाशांनी तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वकील के. जी. कन्नबीरन, कवी काळोजी नारायण राव, पत्रकार बी. जी. व्हर्गीस व अरुण शौरी हे समितीत होते.

समिती खासगी असल्याने कोणाला साक्षीस बोलावण्याचा किंवा सरकारी कागदपत्रे मागवण्याचा अधिकार तिला नव्हता. लोकांच्या साक्षी पोलिसांच्या निवेदनांशी ताडून पाहणे, एवढाच मार्ग तिच्यापुढे होता. जुलै १९७५ मध्ये मेदक जिल्ह्यातील गिरायपल्लीच्या जंगलात चार तरुण मारले गेले होते. हे तरुण आधीच पोलिसांच्या ताब्यात होते आणि त्यांना तेथे नेऊन गोळ्या घालण्यात आल्या, असा निष्कर्ष समितीने काढला.

या अहवालानंतर न्यायमूर्ती वशिष्ठ भार्गव यांचा चौकशी आयोग नेमण्यात आला. आयोगासमोर प्रथम खुली सुनावणी झाली. पुढे कामकाज बंद दाराआड चालवण्याची भूमिका सरकारने घेतली आणि चौकशी तडीस गेली नाही.

भूमिका

पोलिसांना ठार मारण्याचा वेगळा अधिकार भारतीय कायदा देत नाही. इतर नागरिकांप्रमाणे त्यांनाही स्वसंरक्षणाचा हक्क आहे. अटकेच्या वेळी आवश्यक तेवढे बळ वापरता येते. मात्र ज्या गुन्ह्यास मृत्युदंड वा जन्मठेप नाही, त्याच्या आरोपीचा अटक करताना जीव घेण्याची मुभा २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हती. चकमकीनंतर अनेकदा मृत व्यक्तीवरच खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला जाई आणि आरोपी हयात नसल्याने प्रकरण मिटवले जाई. गोळी झाडणारे व तपास करणारे एकाच खात्याचे असत. त्यामुळे स्वसंरक्षणाचा दावा न्यायालयात तपासलाच जात नसे. नागरी हक्क चळवळीचा मुख्य आक्षेप या पद्धतीवर होता.

तारकुंडे नक्षलवादी विचारांचे समर्थक नव्हते आणि राजकीय हिंसेला त्यांचा विरोध होता. तरीही नागरी हक्कांचे कार्यकर्ते सशस्त्र गटांच्या हिंसेपेक्षा सरकारच्या चुकांवरच अधिक बोलतात, अशी टीका होत राहिली. १९८० च्या दशकात सिटिझन्स फॉर डेमॉक्रसीने पंजाबमधील दडपशाहीबद्दल अहवाल प्रसिद्ध केला, त्यावर सरकारने बंदी घातली. १९९० मध्ये काश्मीरमधील स्थितीची पाहणी करणाऱ्या पथकातही तारकुंडे होते.

पुरस्कार

१९७८ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय मानवतावादी पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

वारसा

१९९७ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरमध्ये पोलिसांकडून मारल्या गेलेल्या दोन व्यक्तींच्या कुटुंबांना प्रत्येकी १ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने चकमकींतील मृत्यूंच्या तपासासाठी राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या.

१९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ जण मारले गेले होते. याच संघटनेने त्यासंबंधी केलेल्या याचिकेवर २३ सप्टेंबर २०१४ रोजी, तारकुंडे यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायालयाने १६ निर्देश घालून दिले. चकमकीत मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवावा. तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करावा. दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हावी. शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत संबंधितांना शौर्यपदक वा तडकाफडकी बढती देऊ नये, असे त्यांत सांगितले आहे. समितीला १९७७ मध्ये अधिकाराविना जी पडताळणी करावी लागली, ती या निर्देशांमुळे राज्ययंत्रणेवर बंधनकारक झाली.