मृदंगाचार्य नाना पानसे

पौडाहून पुण्यास जाताना भूगावच्या पुढे लागणारे बावधन आपणां मुळशीकरांच्या नित्य परिचयाचे आहे. ज्यांचे अल्पचरित्र येथे सादर करीत आहो, त्या नाना पानसे यांचे बावधन मात्र ते नव्हे. नामसादृश्यामुळे आपल्याकडील भजनी मंडळींत हा घोटाळा सहज होतो, आणि नाना आपलेच गाववाले होते असे कोणी अभिमानाने सांगू लागला म्हणजे त्याचा विरस करणे जिवावर येते. परंतु सत्य ते सांगितलेच पाहिजे. नानांचे बावधन सातारा जिल्ह्यात, वाईच्या जवळ आहे. रंगपंचमीस भैरवनाथाचे बगाड जेथे निघते तेच हे गाव.

नाना जन्माने आपल्या ज्ञातीचे नव्हते. मग आपल्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न वडीलधारी मंडळी करतील व तो रास्तही आहे. शिवालयातील पूजा आणि वाद्यसेवा ही आपल्या गुरव समाजाकडे पिढ्यान्पिढ्या चालत आली. ज्या घरात खुंटीस मृदंग टांगलेला नाही, असे घर एके काळी आपल्यात विरळाच. पण ही विद्या घरात कशी शिकली जाई, याचा विचार आपण क्वचितच केला आहे. बाप वाजवी, मुलगा शेजारी बसून पाही. ज्याच्या हातात उपजत गुण असे तो उचलून घेई. ज्याच्या हातात नसे त्याच्या हाती टाळ येत आणि त्याचे शिक्षण तेथेच संपे. घरातील मुलीकडे किंवा चाळिशीनंतर शिकू इच्छिणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याकडे तर कोणाचे लक्षच जात नसे. नानांनी जे केले ते नेमके याच्या उलट. म्हणून त्यांचे चरित्र आपण वाचावयास हवे.

नानांचा काळ एकोणिसाव्या शतकाचा. वडील कीर्तनात मृदंगाची साथ करीत, आणि विद्येचा श्रीगणेशा घरीच झाला. कीर्तनाची साथ ही मोठी कठोर शाळा आहे. बुवा केव्हा आर्या म्हणतील, केव्हा पदावर येतील आणि केव्हा एकाएकी लय चढवतील, याचा नेम नसतो. साथीदाराने कान आणि हात दोन्ही जागे ठेवावे लागतात. या शाळेत तयार झालेल्या मुलास पुढे पुण्यात मन्याबा कोडीतकर यांच्याकडे शिक्षण मिळाले. वाईचे चौंडेबुवा आणि मार्तंडबुवा यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. एका गुरूवर समाधान न मानण्याचा हा स्वभाव त्यांच्यात अखेरपर्यंत दिसतो.

त्यांच्या आयुष्यास वळण लागले ते काशीत. वडिलांसमवेत यात्रेस गेले असता तेथे बाबा जोधसिंग यांचे मृदंगवादन त्यांच्या कानी पडले आणि आपण आजवर शिकलो ते फार थोडे, अशी त्यांची खात्री झाली. परंपरेत सांगतात की, या गुरूंजवळ त्यांनी बारा वर्षे काढली. बारा हा आकडा आपल्याकडे तपाचा असल्याने तो काटेकोर हिशेबाने घ्यावा की भावार्थाने, हे ज्याने त्याने ठरवावे. दक्षिणेतील कीर्तनाचा मृदंग आणि उत्तरेतील धृपदाचा पखवाज हे दोन प्रवाह या एका माणसाच्या हातात मिळाले, हे महत्त्वाचे. पुढे इंदुरास माधवस्वामी यांच्याकडेही ते शिकले, आणि तेथेच होळकर दरबारी त्यांस आश्रय मिळाला. तुकोजीराव होळकर दुसरे यांची कारकीर्द इ. स. १८४४ ते १८८६ पर्यंतची. या राजाच्या पदरी असताना नानांची कीर्ती उत्तर हिंदुस्थानभर पसरली.

त्याच काळी उत्तरेत कुदऊसिंग हे दुसरे महान पखवाजी होते. त्यांच्या वादनाने उन्मत्त हत्ती शांत झाला, अशी कथा सर्वतोमुखी आहे. त्यांचे बोल जड, भारदस्त, गजगतीचे. नानांचे बोल मधुर, स्वच्छ आणि द्रुत लयीत सुलभपणे निघणारे. आज पखवाजाची जी दोन प्रमुख घराणी मानली जातात, ती या दोघांचीच. या दोघांत श्रेष्ठ कोण, हा वाद आमच्या मते निष्फळ आहे. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कुदऊसिंगांचे नाव निघाले की लोक हत्तीची गोष्ट सांगतात; नानांचे नाव निघाले की त्यांच्या शिष्यांची नावे सांगू लागतात.

याचे कारण त्यांच्या शिकविण्याच्या पद्धतीत आहे. त्या काळी विद्या झाकून ठेवण्याची रीत होती. खास परण मुलास किंवा जावयास द्यावयाची, इतरांस वर्षानुवर्षे सेवा करावयास लावून चार तुकड्यांवर बोळवण करावयाची, यात कोणास काही वावगे वाटत नसे. दारिद्र्याच्या भयाने माणसे असे वागत, म्हणून त्यांस फार दोष देणेही योग्य नव्हे. नानांनी मात्र हात आखडता घेतला नाही. त्यांनी शिक्षणक्रम सोपा केला, बोलांची नीट मांडणी केली, आणि तालाच्या मात्रा बोटांवर मोजून दाखविण्याची पद्धत रूढ केली.

बोटांवर मोजणे ही गोष्ट ऐकावयास क्षुल्लक वाटते. तिचे मोल शिकविणाऱ्यासच कळते. चौताल घ्या. त्याच्या बारा मात्रा, दोन-दोन मात्रांचे सहा विभाग. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेवर टाळी, तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर काल. धा धा, दिं ता, किट धा, दिं ता, तिट कत, गदि गन असा त्याचा ठेका. केवळ ऐकून शिकणारा मुलगा हे सर्व एका घोषाप्रमाणे पाठ करतो, आणि मध्येच चुकला तर पुन्हा आरंभापासून सुरुवात करण्यावाचून त्यास गत्यंतर नसते. पण आपल्या चार बोटांची तीन-तीन पेरी धरली तर बरोबर बारा होतात. अंगठा पेऱ्यावरून फिरू लागला की चौतालाचे आवर्तन मुठीत येते. आपण सातव्या मात्रेवर आहो की नवव्या, हे डोळ्यांस दिसते, स्पर्शास कळते. पाच, दोन, तीन आणि चार अशा विषम विभागांचा चौदा मात्रांचा धमार तर भल्याभल्यांस चकवतो. तोही मोजता येऊ लागला म्हणजे त्याचे भय उरत नाही.

यामुळे कोणाची सोय झाली? ज्याचा हात उपजत चांगला, तो कसाही शिकला असता. सोय झाली ती मंद हाताच्या मुलाची, उशिरा शिकावयास बसलेल्या प्रौढाची आणि ज्याच्या घरात वाद्य नाही अशाचीही. पुडीवर थाप पडण्यापूर्वीच ताल समजलेला असतो, आणि मग सराव हे केवळ हाताचे काम राहते. डाव्या पुडीस कणीक किती लावावी, गट्टे ठोकून उजवी पुडी षड्जास कशी मिळवावी, हे गुरूजवळ बसूनच शिकावे लागते. पण मात्रांचे गणित शेतात, वाटेवर, कोठेही घोटता येते.

नानांनी पखवाजापुरताच विचार केला नाही, हेही सांगावयास हवे. तबल्यासाठी त्यांनी बोल बांधले व शिकविले, आणि कथक नृत्याचीही तालीम दिली. तबला म्हणजे बैठकीतील हलके वाद्य, धृपदियाने त्यास हात लावू नये, असे मानणारे पखवाजी त्या काळी पुष्कळ होते. तशा वातावरणात एवढ्या मोठ्या आचार्याने हे करावे, यात त्यांच्या मनाचा मोकळेपणा दिसतो.

शिष्यांची गणना करू गेल्यास जागा पुरणार नाही. पुत्र बळवंतराव यांस वडिलांची विद्या मिळालीच. पण घराण्याचा विस्तार पुत्रापेक्षा शिष्यांनी अधिक केला. वामनराव चांदवडकर हैदराबादेस गेले आणि निजामाच्या राज्यात ही परंपरा नेली. इंदुरास सखारामपंत आगळे यांनी ती राखली. त्यांच्यानंतर अंबादासपंत आगळे यांनी ती चालविली. सखारामपंतांचेच दुसरे शिष्य गोविंदराव बुऱ्हाणपूरकर. यांनी पखवाज तर गाजविलाच, पण मृदंग व तबला यांच्या शिक्षणासाठी ग्रंथलेखनही केले. ज्या विद्येचा एकेक तुकडा मिळविण्यासाठी पूर्वी माणसे वर्षानुवर्षे गुरूच्या घरी पाणी भरीत, ती पुस्तकरूपाने बाजारात मिळू लागली.

याच सुमारास इतरत्रही वारे बदलत होते. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि शाळेच्या वर्गाप्रमाणे संगीत शिकविण्यास आरंभ केला. तेथे गुरुदेव पटवर्धन मृदंग व तबला शिकवीत, आणि या वाद्यांच्या वादनपद्धतीवरील त्यांचे पुस्तक त्याच संस्थेकडून निघाले. पुढे १९३१ साली गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. त्याच्या परीक्षांस आज शाळकरी मुले-मुली आणि निवृत्त गृहस्थ एकाच दालनात बसून पेपर लिहितात, तबल्याप्रमाणेच पखवाजाचेही. त्या पेपरात ताललिपीत ठेका लिहा, टाळी व कालाच्या खुणा दाखवा, असा प्रश्न हटकून असतो, आणि पोरे लिहिण्यापूर्वी डाव्या हाताच्या पेऱ्यांवर अंगठा फिरवून मात्रा मोजताना दिसतात.