कागदावरची अणुभट्टी आणि ॲडमिरल रिकोव्हर

दुर्गम लष्करी तळाला डिझेलवाचून वर्षानुवर्षे वीज पुरवणारी लहान अणुभट्टी ही कल्पना अमेरिकेत पुन्हा चर्चेत आली आहे. तेथील संरक्षण खात्याने कंटेनरमधून वाहून नेता येईल अशी १ ते ५ मेगावॅट क्षमतेची अणुभट्टी उभारण्याचा ‘पेले’ प्रकल्प हाती घेतला. त्यानंतर मे २०२५ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ३० सप्टेंबर २०२८ पर्यंत देशातील एखाद्या लष्करी तळावर अणुभट्टी सुरू करण्याचा आदेश काढला. या घोषणांच्या गर्दीत ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांचे स्मरण अपरिहार्य ठरते. लहान अणुभट्टी सैन्याच्या रोजच्या वापरात आणून दाखवणारे पहिले अधिकारी तेच होते आणि तिच्याविषयीच्या गोड आश्वासनांवर सर्वाधिक अविश्वास दाखवणारेही तेच होते.

रिकोव्हर यांचा जन्म १९०० साली, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या पोलंडमधील एका ज्यू शिंप्याच्या घरी झाला. ज्यूविरोधी दंगलींच्या त्या काळात कुटुंबाने अमेरिकेची वाट धरली आणि पुढे शिकागोत बस्तान बसवले. शाळेत असतानाच हायमन तारा पोहोचवण्याचे काम करीत. १९१८ मध्ये त्यांना ॲनापोलिस येथील नौदल अकादमीत प्रवेश मिळाला. पदवीनंतर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण घेतले, काही वर्षे पाणबुड्यांवर काढली आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या जहाज विभागातील विद्युत शाखेची धुरा सांभाळली. यंत्र मोडले तर ते का मोडले, याच्या मुळाशी गेल्याशिवाय स्वस्थ न बसण्याचा त्यांचा स्वभाव याच काळात सर्वांच्या परिचयाचा झाला.

१९४६ मध्ये नौदलाने त्यांना ओक रिज येथील अणुकेंद्रात धाडले आणि त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले. डिझेलच्या इंजिनाला हवा लागते. त्यामुळे त्या काळची पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चाले आणि बॅटरी उतरली की तिला वर यावेच लागे. अणुभट्टीला मात्र हवा लागत नाही आणि इंधनही वर्षानुवर्षे पुरते. इंधनपुरवठ्याच्या साखळीतून सैन्याला मुक्त करण्याची जी ओढ आज लष्करी तळांच्या बाबतीत दिसते, तीच ओढ तेव्हा पाणबुडीच्या बाबतीत होती. शक्यता अनेकांना दिसत होती. ती लोखंडात उतरवण्याची जबाबदारी रिकोव्हर यांनी स्वतःकडे ओढून घेतली. नौदल आणि अणुऊर्जा आयोग या दोन्ही ठिकाणी त्यांनी अधिकारपद मिळवले. त्यामुळे आराखड्यापासून अणुभट्टी चालवणाऱ्या खलाशाच्या प्रशिक्षणापर्यंतचे उत्तरदायित्व एकाच कार्यालयाकडे आले.

त्यांनी आयडाहोच्या वाळवंटात, समुद्रापासून शेकडो मैल दूर, पाणबुडीच्या सांगाड्याचा एक भाग पाण्याच्या हौदात बसवला आणि त्यात पहिली अणुभट्टी उभारली. मार्च १९५३ मध्ये ती कार्यान्वित झाली. जूनमध्ये पूर्ण शक्तीवरील चाचणी सुरू असताना पुरेशी माहिती हाती आली, आता थांबावे, असे अभियंत्यांचे मत पडले. रिकोव्हर यांनी ते मानले नाही. नकाशावर अटलांटिक महासागराचा मार्ग आखून तो पूर्ण होईपर्यंत यंत्र चालवण्याचा त्यांनी हुकूम सोडला. सुमारे चार दिवसांनी, जागचे न हलता, ते यंत्र आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले! जानेवारी १९५५ मध्ये ‘नॉटिलस’ ही जगातील पहिली अणुपाणबुडी खरोखरच समुद्रात उतरली आणि ऑगस्ट १९५८ मध्ये तिने बर्फाखालून उत्तर ध्रुव गाठला.

त्याच जून १९५३ मध्ये रिकोव्हर यांनी लिहिलेले एक छोटे टिपण आजही अणुतज्ज्ञांमध्ये वाचले जाते. कागदावरची अणुभट्टी नेहमी साधी, लहान, हलकी, स्वस्त आणि लवकर होणारी असते. प्रत्यक्षात बांधली जाणारी अणुभट्टी मोठी, अवजड, गुंतागुंतीची आणि महागडी असते, तिला उशीर होतो आणि क्षुल्लक वाटणाऱ्या भागांवरही अपार श्रम खर्ची पडतात, असा त्याचा आशय होता. कागदावरच्या रेघा खोडता येतात, प्रत्यक्षातली चूक साऱ्यांच्या डोळ्यांसमोर राहते, हे त्यांना सुचवायचे होते.

या टिपणाचा प्रत्यय लवकरच आला. अमेरिकी लष्कराने १९५४ पासून दूरच्या तळांसाठी लहान अणुभट्ट्यांचा स्वतंत्र कार्यक्रम राबवला. व्हर्जिनियातील फोर्ट बेल्व्हॉर येथे १९५७ मध्ये त्यातील पहिली सुरू झाली. ग्रीनलंडच्या बर्फाखालील ‘कॅम्प सेंच्युरी’ तळ, अलास्का आणि अंटार्क्टिका येथेही अशा अणुभट्ट्यांनी वीज दिली. पण ग्रीनलंडमध्ये सरकत्या बर्फाने बोगदेच वाकवले आणि तीनेक वर्षांत यंत्र हलवावे लागले. आयडाहोच्या त्याच वाळवंटात, आर्क्टिकमधील रडार केंद्रांसाठी आखलेल्या ‘एसएल-१’ या छोट्या अणुभट्टीत ३ जानेवारी १९६१ रोजी मधला नियंत्रक दांडा हाताने प्रमाणाबाहेर वर ओढला गेला आणि क्षणार्धात झालेल्या स्फोटात तीन जवानांनी प्राण गमावले. एकच दांडा उपसल्याने संपूर्ण अणुभट्टी अनावर व्हावी, हा मूळ रचनेचा दोष होता. डिझेलच्या तुलनेत खर्चही परवडेना आणि सत्तरच्या दशकात हा कार्यक्रम गुंडाळला गेला.

रिकोव्हर यांचा कार्यक्रम टिकला, तो त्यांच्या जाचक शिस्तीमुळे. अणुनौकांवर नेमायच्या प्रत्येक अधिकाऱ्याची मुलाखत ते स्वतः घेत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांनाही या दिव्यातून जावे लागले आणि तो अनुभव त्यांनी जन्मभर लक्षात ठेवला. या तुसड्या स्वभावाची किंमतही रिकोव्हर यांना मोजावी लागली. नौदलाच्या निवड मंडळांनी त्यांना दोनदा बढती नाकारली. अमेरिकी काँग्रेसने हस्तक्षेप केला तेव्हा कुठे १९५३ मध्ये ते रिअर ॲडमिरल झाले. एप्रिल १९६३ मध्ये ‘थ्रेशर’ ही अणुपाणबुडी १२९ जणांसह बुडाली. बंद पडलेली अणुभट्टी अधिक वेगाने पुन्हा सुरू करता यावी म्हणून त्यानंतर कार्यपद्धती बदलण्यात आली.

ते निष्कलंक मात्र नव्हते. पाणबुड्या बांधणाऱ्या जनरल डायनॅमिक्स या कंपनीकडून त्यांनी वर्षानुवर्षे सुमारे ६७ हजार डॉलरच्या भेटी स्वीकारल्याचे उघड झाले आणि १९८५ मध्ये नौदलमंत्र्यांनी त्यांना लेखी ठपका दिला. कंत्राटदारांच्या पै-पैचा हिशेब मागणाऱ्या माणसाला हे शोभणारे नव्हते.

६३ वर्षांच्या सेवेनंतर जानेवारी १९८२ मध्ये, मनाविरुद्ध, ते निवृत्त झाले. त्याच महिन्यात काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना त्यांनी सभागृहाला चकित केले. किरणोत्सर्ग निर्माण होत असेल तर अणुऊर्जा त्या मोलाची नाही, युद्धाची भीती नसती तर आपणच उभारलेल्या अणुनौका आपण बुडवल्या असत्या, अशा अर्थाचे विचार त्यांनी मांडले. ८ जुलै १९८६ रोजी त्यांचे निधन झाले.

‘पेले’च्या उभारणीसाठीही आयडाहोचीच निवड झाली आहे. इंधनाचे नवे प्रकार आणि अधिक सुरक्षित रचना यांमुळे १९६१ ची पुनरावृत्ती टळेल, असा तज्ज्ञांचा विश्वास आहे आणि त्याला आधारही आहे. तथापि, ठरलेल्या तारखेआधी अणुभट्टी सुरू करण्याची घाई होत असताना त्या यंत्राचे उत्तरदायित्व नेमके कोणाच्या शिरावर, हा रिकोव्हर यांचा पहिला प्रश्न असता. त्याचे उत्तर म्हणून त्यांना एखाद्या समितीचे नव्हे, तर एका माणसाचे नाव हवे असे.