डॉ. लँग्डन डाउन : शुश्रूषेला माणुसकी देणारा वैद्य
‘डाउन सिंड्रोम’ हे नाव सर्वपरिचित आहे; ते ज्यांच्यावरून पडले, त्या डॉ. जॉन लँग्डन डाउन (१८२८–१८९६) यांचे शुश्रूषाकार्य मात्र झाकोळले गेले. १८५८ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील अर्ल्सवुड संस्थेची सूत्रे हाती घेतली. बौद्धिक अक्षमता असलेल्या रहिवाशांना मारहाण करण्यास बंदी घातली. स्वच्छता, नीटनेटके जेवण व हस्तकला यांवर भर दिला. १८६६ मध्ये त्यांनी मांडलेली वंशाधारित उपपत्ती पुढे त्याज्य ठरली. शुश्रूषेचा आदर्श मात्र टिकला. १८६८ मध्ये पत्नी मेरी यांच्यासह त्यांनी टेडिंग्टन येथे नॉर्मन्सफील्ड हे निवासगृह उभारले. १८७९ मध्ये तेथे नाट्यगृहही झाले. त्याच नॉर्मन्सफील्डमध्ये १९७६ साली कारभाराविरुद्ध परिचारिकांना संप पुकारावा लागला. वास्तू तीच होती. डाउन यांची आस्था मात्र मागे पडली होती.