खिशात मावणारा कारखाना

चाकू विकत घ्यायला दुकानात शिरलेल्या माणसापुढे एक जुनाच प्रश्न उभा राहतो. हाताच्या मुठीत भरेल असा मोठा, दणकट चाकू घ्यावा, की खिशात असल्याचे जाणवूही नये असा छोटा? मोठ्यात बळ असते, छोट्यात सोय. मोठा चाकू बहुधा घरीच राहून जातो आणि छोटा ऐनवेळी तोकडा पडतो. स्वित्झर्लंडमधील एका कारागिराच्या आयुष्यात या प्रश्नाने कर्जाचे आणि दिवाळखोरीचे रूप घेतले होते. त्यातून तो ज्या उत्तराने सावरला, ते आज लाल मुठीचा ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणून जगभर ओळखले जाते. त्या कारागिराचे नाव कार्ल एल्सनर.

एल्सनर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८६० रोजी झाला. घर सुऱ्या-कात्र्यांचे नव्हे, हॅट बनवणाऱ्यांचे. वडिलांचा व्यवसाय पुढे न चालवता कार्ल यांनी चाकू घडवण्याचे शिक्षण घेतले. झुग या गावी उमेदवारी केल्यानंतर, त्या काळच्या युरोपातील रीतीप्रमाणे, ते निरनिराळ्या उस्तादांच्या हाताखाली काम करीत हिंडले. पॅरिस पाहिले, दक्षिण जर्मनीतील टुटलिंगेन या शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी नावाजलेल्या गावीही ते राहिले. बारीक, अचूक आणि गुळगुळीत पोलाद कसे घडवायचे, हे ज्ञान घेऊन ते परतले. १८८४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, श्वित्स परगण्यातील ईबाख या खेड्यात ओढ्याकाठी त्यांनी स्वतःचा कारखाना थाटला. धार लावण्याची आणि चकाकी देण्याची चाके ओढ्याच्या पाण्यावर फिरत. आई व्हिक्टोरिया आपल्या दुकानात मुलाने घडवलेला माल विकी. पुढे या आईचे नाव जगभर गेले. ते कसे, हे ओघाने येईलच.

आजच्या श्रीमंत स्वित्झर्लंडकडे पाहून त्या वेळच्या स्वित्झर्लंडची कल्पना येत नाही. डोंगरदऱ्यांतील शेती तुटपुंजी, उद्योग मोजके. पोट भरण्यासाठी हजारो तरुण अमेरिकेची वाट धरीत होते. आपल्या खोऱ्यातील मुलांना इथेच काम मिळावे, ही एल्सनर यांची तळमळ होती. त्यांनी पुढे पत्करलेल्या धोक्याचे मूळ शोधायचे तर ते नफ्याच्या हिशेबात सापडणार नाही, या तळमळीत सापडेल.

अशात स्विस लष्कराला चाकू हवा होता. १८८९ साली लष्कराने ‘श्मिट-रुबिन’ ही नवी रायफल स्वीकारली. ती खोलून साफ करायची तर स्क्रू-ड्रायव्हर लागे. शिधा म्हणून डबाबंद अन्न येऊ लागले होते. ते डबे उघडायलाही काहीतरी साधन हवे. प्रत्येक शिपायाला दोन-तीन हत्यारे वेगवेगळी देण्यापेक्षा एकाच घडीच्या चाकूत सारे बसवावे, असे ठरले. पाते, आरी, डबा फोडण्याचे हत्यार आणि स्क्रू-ड्रायव्हर अशा चार साधनांचा, काळसर लाकडी मुठीचा हा चाकू ‘मॉडेल १८९०’ या नावाने दाखल झाला. मात्र तो मोठ्या संख्येने बनवू शकेल असा एकही कारखाना देशात नव्हता. पहिले १५ हजार चाकू जर्मनीतील झोलिंगेन या चाकूंच्या राजधानीतून मागवावे लागले. स्विस शिपायाच्या खिशात जर्मन चाकू!

एल्सनर यांना हे खटकले. १८९१ साली त्यांनी पुढाकार घेऊन देशातील चाकू-कारागिरांचा संघ उभारला. एकेका छोट्या कारागिराला न पेलणारे काम वाटून घ्यावे आणि लष्कराचा चाकू स्वदेशीच असावा, असा त्यामागचा विचार. सुमारे पंचवीस जण सामील झाले आणि त्याच वर्षी ईबाखचे चाकू लष्कराकडे जाऊ लागले. पण देशाभिमानाने किंमत कमी होत नाही. झोलिंगेनचे मोठे यंत्रसज्ज कारखाने तोच चाकू पुष्कळ स्वस्तात देत होते. प्रत्येक चाकूमागे तोटा दिसू लागला तसे सहकारी एकेक करून बाजूला झाले. दोन वर्षांत एल्सनर एकटे उरले. अंगावर कर्ज होते आणि कारखाना बुडण्याच्या बेतात होता. नातेवाइकांनी हात दिला, देणेकऱ्यांनी थोडी सबुरी दाखवली, म्हणून कारखान्याचे दार उघडे राहिले.

इथे चाकूच्या आकाराचा प्रश्न येतो. शिपायाचा तो चाकू मोठा होता. मिटलेल्या अवस्थेत १०० मिलिमीटर लांब, दोन सेंटिमीटरहून किंचित जाड आणि वजनाला सुमारे १४४ ग्रॅम. मजबुती हाच त्याचा गुण. स्वित्झर्लंडमध्ये नागरिक हाच शिपाई. लष्करी सेवेचा काळ संपला की तो आपले सामान घेऊन घरी जाई. त्यामुळे हा चाकू बराकीपेक्षा गोठ्यात आणि शेतातच अधिक वापरला जाणार होता. चिखलात पडला, फांदी कापताना पिळला, तरी तो मोडू नये ही अपेक्षा रास्त होती. पण सुबक गणवेशाच्या खिशात असा ठोकळा घेऊन अधिकारी कशाला हिंडेल? आणि शहरातला माणूस तो पैसे मोजून का घेईल?

तोट्यातल्या मालाची किंमत आणखी उतरवून झोलिंगेनशी झुंजत राहणे, हा एक मार्ग होता. तो सरळ बुडण्याकडे जात होता. एल्सनर यांनी दुसरा मार्ग धरला. शिपायाचा चाकू चालू ठेवून त्याचा हलका, देखणा धाकटा भाऊ घडवायचे त्यांनी मनावर घेतले. हे बोलायला सोपे आहे. वस्तू लहान करायची तर सहसा काहीतरी काढून टाकावे लागते. एल्सनर यांना मात्र वजन कमी करून साधने वाढवायची होती.

घडीच्या चाकूचे मर्म त्याच्या पाठीतल्या स्प्रिंगमध्ये असते. पाते उघडले की ते स्प्रिंगच्या दाबाने जागच्या जागी राहते, मिटले की तोच दाब त्याला आत धरून ठेवतो. साधने वाढली की स्प्रिंगा वाढतात, स्प्रिंगा वाढल्या की जाडी वाढते आणि चाकू पुन्हा ठोकळ्यासारखा होतो. एल्सनर यांनी एकाच स्प्रिंगला दुहेरी काम दिले. पोटाच्या बाजूने उघडणारी पाती आणि पाठीच्या बाजूने उघडणारे साधन, दोन्ही तीच स्प्रिंग पेलू लागली. अवघ्या दोन स्प्रिंगांवर सहा साधने बसली. शिपायाच्या चाकूतली चार तर राहिलीच, शिवाय दोन नवी आली. एक लहान पाते, त्या काळी कागदावरची शाई खरवडून चूक खोडण्यास उपयोगी पडणारे. आणि दुसरा बाटलीचे बूच काढण्याचा मळसूत्री काटा. लेखणी आणि मद्य, अधिकाऱ्याच्या मेजावरच्या दोन्ही गोष्टींची सोय झाली म्हणायची.

१२ जून १८९७ रोजी ‘अधिकाऱ्यांचा व खेळाडूंचा चाकू’ या अर्थाच्या नावाने या रचनेची कायदेशीर नोंद झाली. गंमत अशी, की ज्या लष्करी अधिकाऱ्यांचे नाव त्याला दिले, त्यांच्या अधिकृत सामानात तो कधीच आला नाही. बाटलीचे बूच काढणे हे लष्करी कर्तव्यात मोडत नाही, हे कोणत्याही सरकारी खात्याला पटावे असेच आहे. अधिकाऱ्यांनी तो दुकानांतून स्वतःच्या पैशाने विकत घेतला. त्यांचे पाहून इतरांनी घेतला आणि परदेशांतूनही मागणी येऊ लागली. सरकारी कंत्राटाचा मोठा चाकू ज्या कारखान्याला बुडवत होता, त्याला सरकारने न मागितलेल्या धाकट्या चाकूने वर काढले.

तरीही मोठा चाकू एल्सनर यांनी सोडला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. व्यवहारी सल्लागाराने तोट्याचे काम बंद करा असेच सांगितले असते. पण शिपायाच्या चाकूनेच अधिकाऱ्याच्या चाकूला पत मिळवून दिली होती. लष्कराशी असलेले नाते तुटले असते तर धाकट्याचा रुबाबही उरला नसता. शिवाय गिऱ्हाईक एकाच मापाचे नसते, हे त्यांना उमगले होते. विद्यार्थ्यांसाठी वेगळा, शेतकऱ्यांसाठी वेगळा, सैनिकी शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी वेगळा, असे चाकू ईबाखमध्ये घडू लागले. ज्याच्या हाताला जे काम, त्याच्या खिशाला तेवढे वजन.

दरम्यान एक प्रतिस्पर्धी देशातच तयार झाला होता. फ्रेंच भाषक ज्यूरा भागातील एका कारखान्याला १८९३ मध्ये लष्करी चाकूचे काम मिळाले. हाच पुढे ‘वेंगर’ नावाने ओळखला गेला. ईबाख जर्मन भाषक मुलखात, वेंगर फ्रेंच. कंत्राट कोणाला, या प्रश्नाला भाषेचा आणि प्रांताचा रंग चढण्याची भीती होती. १९०८ साली सरकारने अस्सल स्विस तोडगा काढला आणि दोघांना निम्मेनिम्मे काम दिले. त्याच वर्षी शिपायाचा चाकूही सुधारला. लांबी तेवढीच राहिली, जाडी घटली आणि वजन १२५ ग्रॅमवर आले. थोरल्याने धाकट्याचा कित्ता गिरवला असे म्हणायला हरकत नाही.

१९०९ मध्ये एल्सनर यांच्या आईचे निधन झाले. ज्या बाईने आपल्या दुकानातून मुलाची पहिली सुरी-कात्री विकली, तिचे ‘व्हिक्टोरिया’ हे नाव त्यांनी आपल्या मालाची खूण म्हणून घेतले. नकली मालाचा सुळसुळाट सुरू झाल्याने ढालीवरच्या क्रुसाचे चिन्हही त्याच सुमारास चाकूवर आले.

कार्ल एल्सनर २६ डिसेंबर १९१८ रोजी निवर्तले. महायुद्ध नुकतेच संपले होते. न गंजणारे पोलाद कारखान्यात येण्यापूर्वीच ते गेले. १९२१ साली त्या पोलादाच्या फ्रेंच नावातील ‘इनॉक्स’ आईच्या नावाला जोडले गेले आणि ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हा शब्द तयार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील अमेरिकी सैनिकांनी हे चाकू भेटीदाखल घरी नेले. मूळ जर्मन नाव जिभेवर वळेना म्हणून त्यांनी त्याला ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणायला सुरुवात केली. गमतीची गोष्ट म्हणजे हे नाव रूढ झाले ते मुख्यतः लष्कराने कधीही न दिलेल्या त्या लाल चाकूमुळे.

शिपायाचा चाकू मात्र झिजत झिजत हलका होत गेला. १९५१ मध्ये तो ९३ मिलिमीटरचा आणि ९० ग्रॅमचा झाला, न गंजणाऱ्या पोलादाचा झाला. १९६१ मध्ये ॲल्युमिनियमच्या मुठीने त्याचे वजन ७२ ग्रॅमवर आले. मग २००८ साली लष्कराने काटा पुन्हा उलटा फिरवला. नवा चाकू १११ मिलिमीटर लांब, सुमारे १३१ ग्रॅम वजनाचा, एका हाताने उघडता येणारा. एल्सनर यांचा मूळ प्रश्न शंभर वर्षांनीही सुटलेला नव्हता, असाच याचा अर्थ. दुसरीकडे ५८ मिलिमीटरचा, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवण्याजोगा इवलासा चाकूही त्याच कारखान्यातून बाहेर पडतो. २००१ मधील अमेरिकेवरील दहशतवादी हल्ल्यांनंतर विमानात चाकू नेण्यावर बंदी आली, विमानतळांवरील दुकानांतला खप कोसळला, तेव्हा कारखान्यावर पुन्हा एकदा वाईट दिवस आले होते. वेंगरची अवस्था त्याहून बिकट झाली आणि २००५ साली व्हिक्टोरिनॉक्सने हा जुना प्रतिस्पर्धी विकत घेतला.

कारखाना अजून ईबाखमध्येच आहे. त्याची सूत्रे घराण्याच्या चौथ्या पिढीतील आणखी एका कार्ल एल्सनर यांच्याकडे आली.